न पाठवलेले पत्र : लिंकन, त्याचे सेनापती आणि चरित्रातील ‘खासगी’

युद्धकाळातील राष्ट्राध्यक्षाचे चरित्र लिहिणाऱ्याला दोन खोल्या सांभाळाव्या लागतात. एका खोलीत नकाशे, तारा आणि सेनापतींचे खलिते असतात. दुसरीत आजारी मूल, शोकाने खचलेली पत्नी आणि रात्रीची जाग. या दोन खोल्यांमध्ये चरित्रकार जी वाट बांधतो, ती बहुधा कागदपत्रांत सापडत नाही; ती वाक्यरचनेत असते. ‘पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या राष्ट्राध्यक्षाने सेनापतीला पदावरून दूर केले’ या वाक्यात दोन विधाने आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे खरी असू शकतात. परंतु विशेषणाच्या आश्रयाने त्यांच्यात जो कार्यकारणसंबंध शिरतो, त्याला पुरावा विचारण्याची सवय वाचकाला नसते. कथनाचा सारा डोलारा ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ यांच्या गल्लतीवर उभा असतो, असे रोलाँ बार्त यांनी १९६६ मध्ये कथनाच्या संरचनेविषयी लिहिताना म्हटले होते. ललित कथनाच्या संदर्भात केलेले हे निरीक्षण चरित्राला लावले, की ते अधिक अडचणीचे ठरते. कारण चरित्र सत्याचा दावा करते.

प्रस्तुत लेखात अब्राहम लिंकनविषयीच्या लेखनाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. त्याला कारण आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळातील हा राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे सेनापती यांच्यातील संबंध मुख्यतः पत्रांच्या आणि तारांच्या रूपाने शिल्लक आहेत. त्याचे घर मात्र बहुतांशी इतरांच्या आठवणींच्या रूपाने. म्हणजे एका खोलीची संहिता समकालीन आणि लिखित आहे, दुसरीची उत्तरकालीन आणि सांगोवांगीची. या दोन असमान संहितांना एकाच पातळीवर आणून त्यांची वीण घालणे हेच लिंकनचरित्रकाराचे काम ठरले आहे.

आरंभी ही वीण नव्हती. लिंकनचे दोन चिटणीस, जॉन निकोले आणि जॉन हे, यांनी १८९० मध्ये दहा खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात घर जवळजवळ नाही. थोरला मुलगा रॉबर्ट याने कागदपत्रे त्यांना उपलब्ध करून दिली होती आणि मजकुरावर त्याची नजर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मौनाचा अर्थ लागतो. उलट, लिंकनचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन याच्या १८८९ च्या चरित्रात घर आहे, पण ते मेरी टॉडविषयीच्या अढीने रंगलेले आहे. विसाव्या शतकात ही विभागणी अभ्यासविषयांची विभागणी झाली. टी. हॅरी विल्यम्स यांच्या १९५२ च्या ग्रंथाचे शीर्षकच ‘लिंकन आणि त्याचे सेनापती’ असे आहे आणि त्यात मुलांचे काम फारसे नाही. पुढच्याच वर्षी रूथ पेंटर रँडल यांनी मेरीचे चरित्र एका विवाहाचे चरित्र म्हणून लिहिले. दोन्ही ग्रंथांचा काळ एक, नायक एक, वास्तूही एकच. तरीही एका ग्रंथातला माणूस दुसऱ्यात आला, तर त्याला दार सापडणार नाही. त्यानंतरच्या काळात, विशेषतः डेव्हिड डोनाल्ड (१९९५) आणि डोरिस कर्न्स गुडविन (२००५) यांच्या ग्रंथांत, दोन्ही खोल्या एका छपराखाली आल्या. लाभ झाला, यात शंका नाही. परंतु विशेषणाने कार्यकारण सुचवण्याची सोयही तिथूनच वाढली.

फेब्रुवारी १८६२ हे या सोयीचे सर्वांत मोहक उदाहरण आहे. लिंकनने २७ जानेवारी १८६२ रोजी एक सर्वसाधारण युद्धादेश काढून २२ फेब्रुवारी ही सर्व सैन्यांच्या हालचालीची तारीख ठरवली. तो जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मदिवस. २० फेब्रुवारीला अकरा वर्षांचा विली तापाने गेला. ताप बहुधा विषमज्वराचा होता. धाकटा टॅडही त्याच आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. २२ तारीख आली आणि पोटोमॅकचे सैन्य जागचे हलले नाही. त्या दिवशी सरसेनापती जॉर्ज मॅक्लेलनने राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहिले, पण ते मोहिमेविषयीचे नव्हते, सांत्वनाचे होते. आपल्या दुःखात स्वतः येऊन व्यत्यय आणणे उचित वाटले नाही, अशा आशयाचे. २४ तारखेला दफनविधी झाला. ११ मार्चला लिंकनने मॅक्लेलनचे सरसेनापतिपद काढून घेतले आणि त्याच्याकडे फक्त पोटोमॅकचे सैन्य ठेवले.

इतक्या घटना इतक्या जवळ आल्यावर कोणत्या चरित्रकाराचा हात थांबेल? ज्या दिवशी तोफा चालायच्या, त्या दिवशी सेनापतीकडून शोकपत्र यावे, यातील उपरोध इतिहासाने आयता पुरवला आहे. परंतु इथेच जरा थबकणे आवश्यक आहे. मॅक्लेलनच्या दिरंगाईविषयीची अस्वस्थता विली आजारी पडण्याआधीची आहे. २७ जानेवारीचा आदेश हेच तिचे सर्वांत ठळक प्रमाण. ११ मार्चच्या आदेशातील कारण उघड आणि कोरडे आहे : सेनापती स्वतः मैदानात उतरत असल्यामुळे इतर विभागांच्या जबाबदारीतून त्याला मुक्त करण्यात येत आहे. हे कारण पूर्ण आहे असे कोणी म्हणणार नाही. राजकीय दडपण होते, मंत्रिमंडळातील नाराजी होती. परंतु शोकाने त्यात काय भर घातली, हे सांगणारा एकही समकालीन शब्द त्या आदेशात नाही. त्या आठवड्यांत शोक होता आणि निर्णयही होते. ते एकाच माणसाचे होते. एवढेच संहिता सांगते. त्यापुढचे ‘म्हणून’ आपले आहे. मॅक्लेलनचे शोकपत्रही केवळ उपरोधासाठी वापरणे अन्याय्य आहे. सांत्वनपत्र हा एकोणिसाव्या शतकातील शिष्टाचाराने घडवलेला वाङ्मयप्रकार होता; त्यातील सहानुभूती खरी की औपचारिक, हा प्रश्न त्या प्रकारालाच गैरलागू आहे.

मॅक्लेलनच्या बाबतीत ‘खासगी’ची दुसरी एक अडचण आहे आणि ती अधिक बोधप्रद आहे. तो पत्नीला जवळजवळ रोज लिहीत असे. त्या पत्रांत त्याने राष्ट्राध्यक्षाला वानराची उपमा दिली आहे, त्याच्या विनोदी किश्श्यांना नाके मुरडली आहेत, आणि राष्ट्र वाचवण्यासाठी ईश्वराने आपली योजना केली असल्याची भावना वेळोवेळी व्यक्त केली आहे. १३ नोव्हेंबर १८६१ च्या रात्री लिंकन, परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड आणि जॉन हे त्याच्या घरी गेले असता तो बाहेरून आला, पाहुणे थांबले आहेत हे कळूनही वर गेला, आणि अर्ध्या तासाने निरोप आला की साहेब झोपले. ही हकिगत हे यांच्या रोजनिशीत आहे. अशा वेळी मानापमानाचे मुद्दे काढू नयेत, असे लिंकन परतताना म्हणाल्याचे हे यांनी नोंदवले आहे. रोजनिशी आणि पत्नीला लिहिलेली पत्रे एकमेकांशेजारी ठेवली की उद्धट सेनापती आणि सोशिक राष्ट्राध्यक्ष यांचे चित्र पूर्ण होते, आणि बहुतेक ग्रंथांत ते तसेच पूर्ण केलेले आहे.

पण ही पत्रे आपल्यापर्यंत कशी आली? मॅक्लेलनने आपल्या समर्थनार्थ ग्रंथ लिहावयास घेतला होता. त्यासाठी पत्नीला लिहिलेल्या पत्रांतील उतारे त्याने स्वतःच काढून ठेवले होते. १८८५ मध्ये तो वारला, आणि १८८७ मध्ये विल्यम प्राइम यांनी ग्रंथ प्रसिद्ध करताना हे उतारे काटछाट करून आत घातले. स्टीफन सिअर्स यांनी १९८९ मध्ये मॅक्लेलनची युद्धकालीन कागदपत्रे संपादित केली, तेव्हा त्या काटछाटीचे स्वरूप नीट उघड झाले. म्हणजे आपण ज्याला शयनगृहातील आवाज समजतो, तो लेखकाने निवडलेला आणि संपादकाने घासलेला आहे. शिवाय पत्नीला लिहिलेले पत्र हे अंतरंगाचे सरळ प्रतिबिंब असते, हे गृहीतकही तपासले पाहिजे. चौतिसाव्या वर्षी सरसेनापती झालेला हा नवरा पत्नीसमोर एक नायक उभा करीत होता. त्या नायकाला उंची देण्यासाठी भोवतालची माणसे बुटकी असणे ही त्या कथनाची गरज होती. वानराची उपमा लिंकनविषयी जितके सांगते, त्याहून या गरजेविषयी अधिक सांगते.

याच सेनापतीच्या एका तारेची कथा संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावी अशी आहे. २८ जून १८६२ रोजी, रिचमंडजवळच्या लढायांत माघार घेताना, मॅक्लेलनने मध्यरात्रीनंतर युद्धमंत्री स्टँटनला तार केली. तिच्या अखेरीच्या दोन वाक्यांत त्याने सरळ आरोप केला की, सैन्य वाचलेच तर त्याचे श्रेय वॉशिंग्टनमधील कोणालाही नसेल, कारण तुम्ही त्याचा बळी देण्याची पराकाष्ठा केली आहे. वॉशिंग्टनमधील लष्करी तारखात्याचे प्रमुख एडवर्ड सॅनफर्ड यांनी ती दोन वाक्ये गाळून तार पुढे पाठवली. लिंकन आणि स्टँटन यांनी जी तार वाचली, ती मॅक्लेलनने लिहिलेली तार नव्हती. मॅक्लेलनला मात्र वाटत राहिले की, आपण हे बोललो आणि त्यांनी ते ऐकून घेतले. पुढील कित्येक आठवडे दोघांमधील व्यवहार दोन वेगळ्या संहितांवर चालू होता. ‘राष्ट्राध्यक्षाचे सेनापतींशी संबंध’ हा शब्दप्रयोग आपण करतो तेव्हा दोन स्वभाव समोर आणतो. मध्ये बसलेला, कात्री चालवणारा तिसरा माणूस आपल्या मांडणीत नसतो.

लिंकनच्या स्वतःच्या पत्रांकडे आता वळू. २६ जानेवारी १८६३ चे जोसेफ हूकरला लिहिलेले पत्र हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. हूकरची पोटोमॅकच्या सैन्यावर नेमणूक झाली होती. त्याच्या शौर्याची आणि आत्मविश्वासाची स्तुती करून लिंकन त्याला सुनावतो की, आधीचा सेनापती बर्नसाइड याच्या मार्गात तू जमेल तेवढे अडथळे आणलेस, ही देशाची हानी होती. सैन्याला आणि सरकारला हुकूमशहा हवा असे तू म्हणाल्याचे माझ्या कानावर आले आहे. नेमणूक त्यामुळे नव्हे, ते असूनही केली आहे. हुकूमशहा होण्यासाठी आधी विजय मिळवावे लागतात, तेव्हा तू विजय दे, हुकूमशाहीचा धोका मी पत्करतो. हे पत्र म्हणजे बापाने मुलाला लिहावे तसे आहे, असे हूकर म्हणाल्याचे पत्रकार नोआ ब्रुक्स यांनी नोंदवले आहे, आणि तेव्हापासून चरित्रकार हे पत्र लिंकनच्या पितृत्वाच्या प्रकरणात घालत आले आहेत. वस्तुस्थिती अशी की हूकर लिंकनपेक्षा केवळ पाच वर्षांनी लहान होता. पत्रातील वात्सल्य हे नात्यातून आलेले नाही. ती शैलीची निवड आहे. अधिकाराची भाषा वापरली असती तर पत्र ज्ञापन झाले असते आणि हूकरला अपमान वाटला असता. वडीलकीची भाषा वापरल्यामुळे तोच मजकूर त्याला गिळता आला. इथे ‘खासगी’ हा सार्वजनिक व्यवहाराचा एक अलंकार आहे. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलला हूकरचा पराभव झाला, ही गोष्ट पत्राच्या वाङ्मयीन गुणांना बाधा आणत नाही, पण त्याच्या परिणामकारकतेविषयी जी भाबडी विधाने केली जातात त्यांना आणते.

आता १३ आणि १४ जुलै १८६३. ज्याला पत्रवाङ्मयाची थोडीही जाण आहे, त्याने हे दोन दिवस लिंकनच्या समग्र लेखनात (बॅस्लर यांनी संपादित केलेले खंड १९५३ पासून उपलब्ध आहेत) क्रमाने वाचावेत. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १ ते ३ जुलै या काळात गेटिसबर्गला जॉर्ज मीडने रॉबर्ट ली याच्या दक्षिणी सैन्याला परतवले. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. ४ जुलैला पश्चिमेकडे ग्रांटने व्हिक्सबर्ग घेतले. ली मागे हटत होता आणि पोटोमॅक नदीला पूर आला होता. मीडने हल्ला केला असता तर युद्ध संपले असते, अशी वॉशिंग्टनमध्ये समजूत होती. १३ च्या रात्री आणि १४ च्या सकाळी ली नदी उतरून गेला. घरी २ जुलैला मेरी घोडागाडीच्या अपघातात जखमी झाली होती. डोक्याला मार होता. लिंकनने आधी रॉबर्टला तार केली की आईला गंभीर इजा नाही, आणि काही दिवसांनी त्याला घरी बोलावले.

१३ तारखेला लिंकनने ग्रांटला पत्र लिहिले. त्याची आणि ग्रांटची तोवर भेट झाल्याचे त्याला आठवत नाही, असे तो आरंभीच म्हणतो. मग व्हिक्सबर्गच्या मोहिमेतील एका टप्प्याविषयी आपले मत वेगळे होते, ते चुकले आणि ग्रांटचे बरोबर ठरले, हे तो स्वतः होऊन कबूल करतो. १४ तारखेला त्याने मीडला पत्र लिहिले. राष्ट्राध्यक्ष नाराज असल्याचे हॅलेककडून कळताच मीडने पदमुक्त करण्याची विनंती केली होती. तिचा उल्लेख करून, गेटिसबर्गबद्दल मनःपूर्वक आभार मानून, दुखावल्याबद्दल खेद व्यक्त करून लिंकन मुद्द्यावर येतो : लीच्या निसटण्यात केवढे दुर्दैव आहे याची तुम्हाला कल्पना आलेली दिसत नाही. तो तुमच्या मुठीत होता. आता युद्ध अनिश्चित काळ लांबेल. संधी गेली, आणि त्यामुळे मला अपरिमित यातना होत आहेत. हे पत्र त्याने सही न करता पाकिटात घातले आणि वर लिहून ठेवले की हे मीडसाठी आहे, पाठवलेले नाही, सही केलेली नाही. त्याच १४ तारखेला तिसरा मजकूर आहे, एका ओळीची तार. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात उतरलेल्या रॉबर्टला बाप विचारतो आहे की, तुझी काहीच खबर का नाही? त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध भीषण दंगल चालू होती.

तीन मजकूर, तीन वाचक. लांब पल्ल्यावरच्या यशस्वी सेनापतीला चूक कबूल करणारे पत्र गेले. जवळच्या, अर्धयशस्वी सेनापतीला दोष देणारे गेले नाही. मुलाला एक ओळ गेली. मीडच्या पत्राचे नेहमीचे वाचन असे : राग कागदावर उतरवून टाकला, शांत झाला, कागद बाजूला ठेवला. व्यवस्थापनशास्त्राच्या लोकप्रिय पुस्तकांनी या वाचनाचे बोधकथेत रूपांतर करून टाकले आहे. हे वाचन पाकिटावरच्या ओळीला जागा देत नाही. ज्याला केवळ राग उतरवायचा असतो, तो कागद फाडतो. लिंकनने कागद ठेवला, इतकेच नव्हे तर त्याची स्थिती शब्दांत नोंदवली. ती नोंद मीडसाठी असणे शक्य नव्हते. स्वतःसाठीही ती अनावश्यक होती; सही नसलेले पत्र आपण पाठवले नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊकच असते. ती नोंद ज्याच्यासाठी आहे तो तिसरा कोणी आहे : कधीतरी हे पाकीट उघडणारा. या पत्राचे दोन अभिप्रेत वाचक आहेत, आतल्या मजकुराचा एक आणि पाकिटाचा दुसरा, आणि दुसऱ्याच्या अस्तित्वामुळे पहिल्याला उद्देशून लिहिलेल्या शब्दांचा अर्थ बदलतो. मीडला ते शब्द आज्ञार्थी अधिकाराने लागले असते. आपल्याला ते साक्ष म्हणून लागतात.

पो याच्या चोरलेल्या पत्राच्या कथेवरील व्याख्यानात लाकाँ यांनी असा सिद्धान्त मांडला की पत्र नेहमीच आपल्या मुक्कामी पोचते. देरिदा यांनी त्यावर आक्षेप घेतला की न पोचण्याची शक्यता ही पत्राच्या घडणीतच असते. मीडचे पत्र या वादात कोणाच्या बाजूने उभे राहील? ते मुक्कामी पोचले नाही, हे उघड आहे. पण न पोचणे हा अपघात नसून लेखकाची कृती आहे, आणि पाकिटावर ती कृती स्वाक्षरीविना ‘स्वाक्षरित’ झाली आहे. मला वाटते, दोन्ही सिद्धान्तांत न पाठवणाऱ्याला पुरेशी जागा नाही. पत्र हरवते, चोरीला जाते, चुकीच्या हाती पडते, याचा विचार त्यांनी केला. पत्र रोखून धरणे ही सत्तेची आणि संयमाची एक स्वतंत्र भाषा असू शकते, याचा केला नाही. रोखून धरणारा इथे देशाचा सर्वोच्च सेनाधिकारी आहे, ही गोष्ट दुय्यम नाही. सामान्य माणसाचे न पाठवलेले पत्र त्याच्या हतबलतेचे असते. इथे पत्र गेले असते तर मीड बहुधा पद सोडून गेला असता, आणि त्याच्या जागी कोणाला आणायचे याचे उत्तर लिंकनपाशी त्या दिवशी नव्हते.

रॉबर्ट मग वॉशिंग्टनला पोचला, आणि लीच्या निसटण्याने वडील मुकाट पण खोल दुःखात आहेत, असे त्याच्या हवाल्याने हे यांनी १५ जुलैच्या नोंदीत लिहिले. पुढे अनेक वर्षांनी रॉबर्ट जी आठवण सांगू लागला, तिच्यात वडील मान खाली घालून बसलेले आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर अश्रू आहेत. मुकेपणापासून अश्रूंपर्यंतचा हा प्रवास खोटेपणाचा आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही खरे असू शकते. परंतु समकालीन नोंदीत शोक मुका आहे आणि स्मृतीत तो दृश्य झाला आहे, हे चरित्रकाराने वाचकाला सांगितले पाहिजे. तो सहसा सांगत नाही, कारण अश्रू अधिक उपयोगी पडतात. याच रॉबर्टने वडिलांची कागदपत्रे काँग्रेसच्या ग्रंथालयाला देताना अट घातली की आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षे ती उघडू नयेत. तो १९२६ मध्ये वारला. २६ जुलै १९४७ ला पेट्या खुल्या झाल्या. पाकिटावर टिपण करणारा बाप आणि पेट्यांवर मुदत घालणारा मुलगा यांच्यात एक वाङ्मयीन वारसा आहे खरा.

ज्यांच्याकडे पाकिटे नव्हती, त्यांची खोली कशी नोंदली गेली? मेरीची शिवणकाम करणारी एलिझाबेथ केकली ही पूर्वी गुलाम होती. तिचे आत्मकथन १८६८ मध्ये निघाले, आणि विलीच्या मृत्यूनंतरचे घर आपण आज ज्या रंगात पाहतो, तो बराचसा तिच्या कथनातला आहे. मेरीची पत्रे त्यात छापली गेल्यामुळे गहजब झाला आणि दोघींचा संबंध तुटला. पण चरित्रकार केकलीला जशी साक्षीदार म्हणून बोलावतात तशी व्यक्ती म्हणून बोलावत नाहीत. तिचा एकुलता एक मुलगा जॉर्ज ऑगस्ट १८६१ मध्ये विल्सन्स क्रीकच्या लढाईत, लिंकनच्याच सैन्यात लढताना, मारला गेला होता. विलीच्या अंथरुणाशी बसलेली ही बाई सहा महिन्यांपूर्वी स्वतः पुत्रहीन झाली होती. राष्ट्राध्यक्षाच्या शोकाने निर्णय घडले का, हा प्रश्न शेकडो पानांवर चर्चिला गेला. राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाने ज्यांच्या घरी शोक आला, त्यांतली एक स्त्री त्याच खोलीत उभी आहे, हे एखाद्या उपवाक्यात येते.

दोन खोल्या प्रत्यक्षात एकमेकींवर आदळल्याचे प्रसंगही आहेत, आणि तिथे चरित्रकाराला रूपकाची गरज नसते. मेरीची सावत्र बहीण एमिली हिचा नवरा दक्षिणेचा सेनापती होता. तो सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाला पडला. डिसेंबरात ही विधवा व्हाइट हाउसमध्ये राहावयास आली. गेटिसबर्गला पाय गमावलेले जनरल सिकल्स यांनी, घरात बंडखोर ठेवू नये असे लिंकनला सुनावले, आणि आमचे पाहुणे आम्ही ठरवतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. ही हकिगत एमिलीच्या मुलीने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. म्हणजे तिलाही कुटुंबाच्या स्मृतीची चौकट आहे. मार्च १८६५ मध्ये सिटी पॉइंटच्या छावणीत मेरीने जनरल ऑर्ड यांच्या पत्नीवर सर्वांदेखत जो संताप केला, त्याचे वर्णन ग्रांटचा सहकारी ॲडम बॅडो याच्या १८८७ च्या पुस्तकात आहे. तिथे उपस्थित असलेल्या ज्युलिया ग्रांट यांच्या आठवणी मात्र १९७५ पर्यंत अप्रकाशित राहिल्या. नव्वद वर्षे एकाच पुरुषाचे कथन प्रमाण होते. त्या संतापामुळे ग्रांट पतिपत्नींनी १४ एप्रिलच्या नाटकाचे निमंत्रण नाकारले, ते गेले असते तर फोर्ड नाट्यगृहात पहारा असता, आणि मग... अशी साखळी अनेक ग्रंथांत ओवलेली आढळते. ग्रांट दांपत्य मुलांना भेटण्यासाठी न्यू जर्सीला निघाले होते, हे सांगितलेले कारण या साखळीत बसत नाही, म्हणून ते सबब ठरते. बाईच्या तोंडाळपणातून राष्ट्राचे दुर्दैव, हा घाट आपल्याला आपल्या पुराणकथांमुळे चांगला परिचित आहे.

कादंबरीने या बाबतीत चरित्रापेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखवला, असे म्हणावे लागते. गोर विडाल यांच्या ‘लिंकन’ (१९८४) या कादंबरीत दृष्टिकोन हे, स्यूअर्ड, मेरी, अर्थमंत्री चेस अशा अनेकांकडे फिरतो. लिंकनच्या मनात निवेदक शिरत नाही. सर्वज्ञ होण्याचा परवाना असलेल्या प्रकाराने तो परवाना मध्यभागीच परत केला आहे. जॉर्ज साँडर्स यांच्या २०१७ च्या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीत विलीला ठेवलेल्या स्मशानातील एका रात्रीभोवती ग्रंथांतील उतारे रचले आहेत, काही खरे, काही कल्पित. त्या संध्याकाळी चंद्र होता की नव्हता, लिंकनचे डोळे कोणत्या रंगाचे होते, यांविषयीच्या साक्षी एकमेकींना छेद देतात. शोकातून राष्ट्राध्यक्षाच्या युद्धविषयक निर्धाराकडे जाणारी वाट साँडर्स यांनीही बांधली आहे, पण ती भुतांच्या मुखाने; तिला पुरावा मागण्याचा प्रश्नच उरत नाही. चरित्रकार तीच वाट तळटीप देऊन बांधतो, आणि तळटीप दोन टोकांची असते, मधल्या पुलाची नसते.

मराठी वाचकाला हा सारा ऊहापोह दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे लिंकन ज्या एका संहितेमुळे घरोघर पोचला, ती त्याचे मुलाच्या हेडमास्तरांस पत्र ही आहे. वसंत बापट यांच्या मराठी रूपाने ती शाळांच्या भिंतींवर आणि शिक्षकदिनाच्या कार्यक्रमांत स्थिरावली. लिंकनच्या संपादित लेखनात हे पत्र नाही. त्याच्या भाषेशी आणि घराशीही ते जुळत नाही : त्या वर्षांत रॉबर्ट हार्वर्डमध्ये होता, विली आणि टॅड घरी शिकत होते, आणि वडील गेले तेव्हा बारा वर्षांच्या टॅडला धड वाचता येत नव्हते. बापट यांच्या मराठीचे सामर्थ्य वेगळे आणि ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. एक स्वतंत्र मराठी रचना म्हणून तिचे मूल्यमापन व्हावे. माझा मुद्दा ग्रहणाचा आहे. सेनापतीला लिहून न पाठवलेले खरे पत्र आपल्या वाचनात नाही आणि न लिहिलेले पत्र पाठ आहे. युद्ध चालवणाऱ्या, पाच लाखांच्या भरतीची आवाहने काढणाऱ्या माणसाचे ‘खासगी’ आपल्याला संस्कारक्षम बापाचे हवे होते. ते तसे मिळाले नाही, तेव्हा कोणीतरी ते पुरवले. आपल्या विद्यापीठांत भाषांतर शिकवताना हे पत्र मूळ संहितेचा प्रश्न न काढता वापरले जाणे ही मात्र शिक्षकांची हेळसांड आहे.

बाप म्हणून लिंकनने खरोखरीच लिहिलेले आणि पाठवलेले एक पत्र आहे, आणि ते सेनापतीलाच आहे. १९ जानेवारी १८६५ रोजी त्याने ग्रांटला लिहिले. हे पत्र मी राष्ट्राध्यक्ष नाही, केवळ मित्र आहे, असे समजून वाचावे आणि उत्तर द्यावे, अशी पहिल्याच वाक्यात विनंती आहे. मुलगा हार्वर्डमधून पदवीधर झाला आहे, युद्ध संपण्यापूर्वी त्याचा थोडा अनुभव घ्यावा अशी त्याची इच्छा आहे. त्याला साध्या शिपायांच्या रांगेत घालावेसे मला वाटत नाही, आणि दीर्घकाळ सेवा केलेल्यांचा हक्क डावलून त्याला अधिकारपद द्यावे हेही नको. आपल्या जवळच्या मंडळींत नाममात्र हुद्द्यावर त्याला घेता येईल का? खर्च मी करीन. अडचण असेल तर निःसंकोच नाही म्हणावे. या पत्रातील ‘असे समजून’ हा कल्पितार्थ सबंध पत्राचा आधार आहे, आणि तो टिकणे अशक्य आहे हे लिहिणारा व वाचणारा दोघेही जाणतात. इतरांच्या मुलांना रांगेत उभे करणाऱ्या कायद्यावर ज्याची सही आहे, त्याला आपल्या मुलासाठी रांग नको आहे. त्याची लाज त्या पत्राच्या प्रत्येक अटीत दिसते. एडी आणि विली गमावलेल्या मेरीने रॉबर्टला इतकी वर्षे अडवून धरले होते, याचा पत्रात उल्लेखही नाही. घराचे कारण गाळले आहे, घराची निकड तेवढी शिल्लक आहे. ग्रांटचे उत्तर दोन दिवसांनी निघाले : आनंदाने घेतो; हुद्दा कोणताही चालेल, पण माझ्यापाशी बरीच सेवा झालेले तीन अधिकारी अद्याप कॅप्टनच आहेत, तेव्हा त्याहून वरचा नसावा असे सुचवतो. फेब्रुवारीत रॉबर्ट कॅप्टन झाला.